प्लॅटच्या काठानं रूळ, रुळांच्या काठानं गावं

मनमाडहून सिकंदराबादकडं जाणाऱ्या आपल्या रेल्वेचं मूळ नाव हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे. १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्यानं सुरू झालेली ही मीटरगेज. नावात गोदावरी असली तरी नकाशा उघडून बघा: औरंगाबाद, जालना, परतूर, सेलू, परभणी, पूर्णा असं करत ती गोदावरीपासून अंतर राखून चालते, नांदेडला काठाशी येते आणि गोदावरी ओलांडते ती थेट धर्माबाद सोडल्यावर, बासरजवळ. काठावरचं सगळ्यात जुनं शहर पैठण. तिथं आजही रेल्वे नाही.

आपल्याकडं गावं आधी होती आणि रूळ नंतर आले. त्यामुळं नदीनं काय घडवलं आणि रेल्वेनं काय घडवलं, हे वेगळं काढणं अवघड जातं. उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांत, म्हणजे नेब्रास्का, कॅन्सस, डकोटा आणि कॅनडातल्या मॅनिटोबा-सॅस्कॅचेवानकडं, १८६५ ते १९०० या पस्तीस वर्षांत आधी रूळ पडले आणि मग गावं मांडली गेली. तो मुलूख रिकामा होता असं मात्र समजू नका. नेब्रास्कातल्या प्लॅट नदीच्या खोऱ्यात पॉनी लोकांची मातीच्या घरांची गावं होती, त्यापलीकडं लकोटा आणि शायान यांची शिकारीची भूमी होती. करार करून, करार मोडून आणि बायसनचे, म्हणजे तिकडच्या रानगव्यांचे, कळप संपवून ती जमीन मोकळी केली गेली. पुढं जी आखणी येते ती या हिसकावलेल्या जमिनीवरची आहे.

सुरुवात प्लॅटपासून करायला हवी, कारण रेल्वेला नदी कशासाठी लागते हे तिथं स्पष्ट दिसतं. ही नदी मैलभर रुंद आणि इंचभर खोल, असं तिकडं गमतीनं म्हणतात. उन्हाळ्यातलं गोदेचं वाळवंट डोळ्यासमोर आणा: वाळूचे पट्टे, मधून फुटलेल्या चार-सहा धारा, आणि दर पुराला जागा बदलणारं पात्र. बोट चालवायला ती निरुपयोगी. पण तिनं हजारो वर्षं गाळ पसरून जे खोरं तयार केलं, ते पश्चिमेकडं अलगद चढत जातं. मिसूरी नदीकाठचं ओमाहा समुद्रसपाटीपासून सुमारे हजार फुटांवर, नॉर्थ प्लॅट गाव अठ्ठावीसशे फुटांवर, आणि दोहोंमधलं अंतर सुमारे २९० मैल. म्हणजे मैलाला सहा फुटांचा चढ, साधारण ८५० फुटांना एक फूट. आपल्या बोरघाटात ३७ फुटांना एक फूट चढावं लागतं. ओमाहाहून पश्चिमेकडं रूळ टाकणाऱ्या युनियन पॅसिफिक कंपनीच्या इंजिनिअरांना या खोऱ्यात बोगदा नाही, मोठी खोदाई नाही, फक्त थोडा भराव आणि ओढ्यानाल्यांवर लाकडी पूल एवढंच करायचं होतं.

मार्ग उत्तर काठानं नेला. काठानं म्हणजे पाण्याला चिकटून नव्हे, जुन्या पुराच्या खुणेच्या वर. उत्तरेकडून येणारी लूप नदी कोलंबस गावाजवळ ओलांडली, आणि नॉर्थ प्लॅटला प्लॅटची उत्तर शाखा. मुख्य प्लॅट ओलांडायचं शक्य तेवढं टाळलं, कारण वाळूच्या तळात लाकडी खांब ठोकले तरी एका पुरात त्यांच्या बुडातली वाळू निघून जाते. आपल्याकडंही ज्यानं नदीपात्रात विहीर बांधली त्याला हे सांगावं लागत नाही.

लाकूड हीच खरी अडचण होती. मैलाला अडीच हजारांच्या आसपास स्लीपर लागतात. मैदानात झाडं फक्त नदीकाठी, तीही कॉटनवुड, म्हणजे मऊ आणि पाणी शोषणारं लाकूड. ते तसंच टाकलं तर दोन-तीन वर्षांत कुजतं. म्हणून ओमाहात बंद टाकीत घालून त्यात झिंक क्लोराइडचं पाणी दाबानं मुरवायचे आणि मग वापरायचे. उपाय तात्पुरताच होता. क्षार पावसानं धुऊन निघत आणि स्लीपर बदलावे लागत. रुळांचं वजन यार्डाला ५६ पौंड, म्हणजे मैलाला सुमारे ९० टन लोखंड. शिकागोकडून येणारी रेल्वे मिसूरीच्या पूर्व काठावर कौन्सिल ब्लफ्सला पोहोचली ती १८६७ च्या जानेवारीत. तोपर्यंतची जड सामग्री मिसूरीतून आगबोटीनं ओमाहाला येई, आणि हिवाळ्यात नदी गोठली की ते बंद. तरीही १८६६ अखेर रूळ ३०० मैलांच्या पुढं गेले होते. प्लॅटचं सपाट खोरं नसतं तर हा वेग शक्यच नव्हता.

वेगामागं पैशाचंही कारण होतं. १८६२ च्या रेल्वे कायद्यानं सरकार सपाट मुलखात मैलामागं १६,००० डॉलरचे कर्जरोखे देई आणि वर जमीनही. मैलावर पैसा ठरला की मैल वाढतात. ओमाहातून बाहेर पडतानाच मूळ आखणी सोडून नऊ मैलांचा वळसा घातला गेला. चढ कमी होतो हे त्याचं अधिकृत कारण. मूळ आखणी करणारा मुख्य इंजिनिअर पीटर डे कंपनीच्या कारभाराला वैतागून आधीच राजीनामा देऊन गेला होता. गुत्तेदार कुठलाही असो, मोजमाप पुस्तक कसं फुगतं हे आपल्याला नवं नाही.

जमिनीचा हिशेब जरा थांबून समजून घेण्यासारखा आहे, कारण गावांचा आकार त्यातून आला. अमेरिकेत १७८५ पासून सरकारी जमीन चौकोनांत मोजली जाई. एक मैल गुणिले एक मैल म्हणजे एक सेक्शन, ६४० एकर. असे ३६ सेक्शन मिळून एक टाउनशिप. १८६४ च्या सुधारणेनंतर युनियन पॅसिफिकला दर मैल रुळामागं दोन्ही बाजूंना वीस-वीस मैलांच्या पट्ट्यात विषम क्रमांकाचे सेक्शन मिळाले, बाजूला दहा, एकूण वीस. म्हणजे मैलाला १२,८०० एकर. सम क्रमांकाचे सरकारकडं राहिले. नकाशावर बुद्धिबळाचा पट तयार झाला: एक घर कंपनीचं, एक सरकारचं.

होमस्टेड कायदाही १८६२ चाच. दहा डॉलर भरून नाव नोंदवा, पाच वर्षं राहा, कसा, आणि १६० एकर तुमचे. हे सगळ्यांना माहीत असतं. पण रेल्वेच्या पट्ट्यातल्या सरकारी घरांत १८७९ पर्यंत १६० नाही, फक्त ८० एकर मिळत होते, आणि विकत घ्यायची तर किमान किंमत एकरी सव्वाच्या जागी अडीच डॉलर होती. त्यामुळं नवख्या शेतकऱ्यापुढं निवड अशी: रुळाजवळ ८० एकर फुकट, वीस मैल आत १६० एकर फुकट, किंवा शेजारचा सेक्शन कंपनीकडून विकत. बर्लिंग्टन ही दुसरी रेल्वे कंपनी नेब्रास्कात दहा वर्षांच्या हप्त्यांवर सहा टक्के व्याजानं जमीन देत असे. अनेकांनी विकतच घेतली, आणि ते शहाणपणाचं होतं. वीस मैल आतल्या माणसाचा गहू बाजारात न्यायचा खर्च दर वर्षी लागायचा.

गावांमधलं अंतर ठरलं ते याच वाहतुकीवरून. दोन घोड्यांच्या गाडीत पन्नासेक बुशेल गहू बसे, म्हणजे साडेतेरा क्विंटल. सकाळी निघून माल घालून अंधाराच्या आत घरी यायचं तर स्टेशन पाच-सात मैलांपेक्षा लांब चालत नाही. म्हणून रुळावर दर सात ते दहा मैलांना एक साइडिंग, म्हणजे गाडी थांबवायचा बाजूचा रूळ, आणि त्याला लागून एक गाव. तिथं गाव व्हावं असं काही होतं का, ओढा, टेकडी, जुनी वाट, हे बघितलंच जाई असं नाही. बर्लिंग्टननं तर नावंही इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमानं ठेवली: क्रीट, डॉर्चेस्टर, एक्झिटर, फेअरमाँट, ग्राफ्टन, हार्वर्ड, इनलँड, जुनियाटा, केनेसॉ, लोवेल. कचेरीत पट्टी ठेवून गावं आखली की अशीच नावं सुचतात.

आखणीही ठरलेली. रूळ आडवे, मुख्य रस्ता त्यांना काटकोनात, आणि त्याच्या तोंडाशी स्टेशन. रुळालगत एलेव्हेटर म्हणजे धान्याचं कोठार, लाकडाची वखार आणि जळाऊ कोळशाचा डेपो. मुख्य रस्त्यावरच्या जागा अरुंद आणि महाग, मागच्या गल्लीतल्या रुंद आणि स्वस्त. चर्च, शाळा दूरच्या टोकाला. आपली मराठवाड्यातली जुनी गावं पांढरीवर असतात: चार हात उंच, पाण्याचा निचरा होणारी, आणि काळी शेतीसाठी राखलेली. तिकडं पांढरी-काळी हा भेदच आखणीत नव्हता. चांगली काळी जमीन आहे म्हणून गाव बाजूला सरकलं, असं क्वचितच घडलं.

हा एलेव्हेटर चालतो असा. गाडी काट्यावर चढवायची, वजन घ्यायचं, माल खालच्या खड्ड्यात ओतायचा. पट्ट्यावर बसवलेल्या छोट्या बादल्या तो वर नेतात, माथ्यावरची सोंड फिरवून हव्या त्या कप्प्यात सोडतात. वॅगन आली की तळाचा झडपा उघडायचा, माल आपल्या वजनानं घसरतो. हमाल आणि पोती दोन्ही वाचतात. बिघाड दोन ठिकाणी. एक, धान्याची धूळ आणि तापलेलं बेअरिंग एकत्र आलं की आग लागते, आणि लाकडी एलेव्हेटर तासाभरात संपतो. दुसरं, गावात एलेव्हेटर एकच असेल तर प्रत आणि घट तोच ठरवणार. मोंढ्यात कडता कापताना जे शब्द कानावर पडतात, त्यांचं भाषांतर डकोटात सहज झालं असतं. तिथल्या शेतकरी संघटनांचा पहिला राग रेल्वेच्या भाड्यावर आणि दुसरा या एलेव्हेटरवर होता.

गाव कुठं होईल हे ठरवणारा माणूस कंपनीचा, आणि त्याला घासाघीस आवडत नसे. कॅनडातल्या कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेच्या बाबतीतलं १८८१ चं उदाहरण प्रसिद्ध आहे. मॅनिटोबातल्या असिनिबॉइन नदीकाठी ग्रँड व्हॅली नावाची वस्ती होती. नदीतून आगबोटी येत, रेल्वे इथूनच नदी ओलांडणार असं सगळे धरून चालले होते. मुख्य इंजिनिअर जनरल रॉसर जागा घ्यायला आला. तिथल्या मॅकव्हिकर नावाच्या जमीनमालकानं कंपनीच्या बोलीच्या दुप्पट मागितले. रॉसर उठला, दोनेक मैल पश्चिमेला गेला आणि तिथं गाव आखलं. ते ब्रँडन. ग्रँड व्हॅली सखल होती, पुराचं पाणी तिथं येई, त्यामुळं ती जागा तशीही धोक्याची होती. पण ती उठली पुरामुळं नाही, रूळ सरकल्यामुळं.

त्याच वर्षी त्याच कंपनीनं सगळा मार्गच दक्षिणेला ओढला. आधीच्या सर्वेक्षणात रेल्वे उत्तर सॅस्कॅचेवानच्या बाजूनं जाणार होती, त्या वाटेनं तारायंत्राची लाइनही पडली होती, आणि बॅटल व उत्तर सॅस्कॅचेवान या नद्यांच्या संगमावरचं बॅटलफोर्ड हे प्रदेशाच्या राजधानीचं ठिकाण होतं. मार्ग दक्षिणेच्या कोरड्या मैदानातून गेला आणि १८८३ मध्ये राजधानी रेजायनाला हलली. रेजायनाला काय होतं? झाड नाही, टेकडी नाही, आणि वास्काना नावाचा एक ओढा, जो त्याच वर्षी बांध घालून अडवावा लागला. पुढं १९०५ मध्ये दुसऱ्या कंपनीची रेल्वे बॅटलफोर्डकडं आलीही, पण नदीच्या समोरच्या काठानं. तिथं नॉर्थ बॅटलफोर्ड उभं राहिलं. संगमावरचं जुनं गाव दुसऱ्यांदा हुकलं.

पैठणशी याची तुलना मोह पाडणारी आहे, पण पूर्ण जुळत नाही. पैठण रेल्वेविना राहिलं तरी गाव म्हणून जगलं: नाथांची षष्ठी, विणकाम, मळईची शेती आणि पुढं जायकवाडी. नदीकाठच्या गावाला जगायला नदी पुरते. रुळावरच्या गावाला रूळ गेले की काहीच उरत नाही. सपाट मैदानातली कितीतरी गावं विसाव्या शतकात शाखा मार्ग बंद झाल्यावर एका पिढीत रिकामी झाली.

आता नद्यांनी घेतलेला सूड. उत्तर डकोटा-मिनेसोटाच्या सीमेवरची रेड नदी उत्तरेकडं वाहते. वसंतात दक्षिणेचा बर्फ आधी वितळतो, पाणी खाली येतं, आणि पुढं उत्तरेला पात्र अजून गोठलेलंच असतं. बर्फाचा बांध होतो आणि पाणी आडवं पसरतं. खोऱ्याचा उतार मैलाला एक फूटही नाही, म्हणजे पसरलेलं पाणी आठवडेच्या आठवडे हलत नाही. नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेनं ही नदी जिथं ओलांडली तिथं एका काठावर मूरहेड आणि दुसऱ्यावर फार्गो झालं. जमीन अतिशय सुपीक, म्हणून १८७५ नंतर तिथं हजारो एकरांची गव्हाची शेतं निघाली. आणि १८९७ मध्ये फार्गो पाण्याखाली गेलं. पूर आला की पुलावर मुद्दाम जड वॅगन उभ्या करायची रेल्वेवाल्यांची जुनी युक्ती आहे, म्हणजे पाणी वरचा सांगाडा उचलून नेत नाही.

मिसूरीचं प्रकरण आणखी वाईट. १८८०-८१ चा हिवाळा ऑक्टोबरातच सुरू झाला. रूळ जिथं खोदाईतून गेले होते तिथं बर्फ साचून दगडासारखा घट्ट झाला, पूर्व डकोटातल्या गावांना जानेवारीपासून वसंतापर्यंत गाडीच नाही. जळण नाही म्हणून लोक वाळलेलं गवत पिळून जाळत, पीठ नाही म्हणून कॉफीच्या जात्यात गहू दळत. भरावावरच्या रुळावरून वारा बर्फ उडवून नेतो, उथळ खोदाई मात्र भरते. पुढच्या आखणीत हे लक्षात ठेवून रूळ दोन-तीन फूट उचलले गेले. मग तोच बर्फ मार्च १८८१ मध्ये वितळला आणि मिसूरीत बर्फाचे बांध झाले. व्हर्मिलियन गाव नदीकाठच्या सखल पट्टीत होतं. ते बहुतेक सगळं वाहून गेलं आणि नंतर वरच्या कड्यावर नव्यानं बांधलं. गंमत अशी की त्याच पुरात नदीनं पात्र बदललं आणि ती गावापासून दूर गेली.

उत्तर डकोटातल्या, मिसूरीकाठच्या बिस्मार्कला रूळ १८७३ मध्ये आले आणि त्याच वर्षीच्या आर्थिक कोसळीत तिथंच थांबले. पूल नव्हता. उन्हाळ्यात वॅगन नावेवर चढवून पलीकडं नेत. १८७९ च्या हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरच लांब स्लीपर टाकून रूळ घातले आणि गाड्या नेल्या. पूल १८८२ मध्ये झाला: चारशे फुटांचे तीन गाळे, खांबांना वरच्या बाजूनं बर्फ फोडणारी धार. खांबांचे पाये हवेच्या दाबाच्या पेट्यांतून खोल नेले होते आणि ते टिकले. दगा दिला तो काठानं. पूर्वेकडची चिकणमातीची टेकडी हळूहळू नदीकडं सरकत होती आणि तिच्यावरचा खांब बरोबर घेऊन येत होती. शेवटी त्याचा पाया नव्यानं करावा लागला. काळ्या रेगुरीवर ज्यांनी घर बांधलं त्यांना भिंतीच्या तडा बघून हे समजेल.

शेवटचा प्रश्न पाण्याचा. वाफेच्या इंजिनाला दर पंधरा-वीस मैलांना टाकी लागते. प्लॅटच्या खोऱ्यात थोडं खणलं की पाणी, त्यामुळं पवनचक्कीनं उपसून टाक्या भरता आल्या. खोरं सोडून माळावर गेलं की विहिरी शंभर-दोनशे फूट, आणि पाणी क्षाराचं. क्षारानं बॉयलरमध्ये पापुद्रा धरतो, नळ्या तापून फुटतात, पाणी फेसाळून वाफेबरोबर सिलिंडरात जातं. जिथं इंजिनाचे असे हाल, तिथं शेतकऱ्याचे काय असतील ते ओळखा. घर गवताळ मातीच्या पट्ट्या रचून: फूटभर रुंद, तीन-चार इंच जाड, गवताची बाजू खाली. माळवदाखाली राहिलेल्यांना पहिल्या पावसात काय होतं ते माहीत आहे.

डकोटा, नेब्रास्का, कॅन्सस यांच्या मधून जाणाऱ्या शंभराव्या रेखांशाच्या पश्चिमेला पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या खाली जातो. आपल्या मराठवाड्याची सरासरी सातशेच्या आसपास, आणि तरी २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ५०० च्या खाली दर वर्षी गहू घेणं हा जुगार आहे. जॉन वेस्ली पॉवेल या भूगर्भशास्त्रज्ञानं १८७८ च्या अहवालात हे सरकारला लिहून दिलं होतं: तिथं १६० एकरांची चौकट चालणार नाही, ओलिताखालची शेती असेल तर ८० एकर पुरे, आणि फक्त चराई असेल तर २,५६० एकर द्या, शिवाय हद्दी चौकोनी न आखता पाण्याच्या सोयीनं आखा. रेल्वे आणि जमीन विकणारे यांना हे ऐकायचं नव्हतं. नांगर चालला की पाऊस मागून येतो, असं एक घोषवाक्य तेव्हा जोरात होतं, आणि काही वर्षं ओली गेल्यानं लोकांना ते खरंही वाटलं. १८८७ पासून कोरडी वर्षं लागली, १८९४ ला तर पीक उभंच राहिलं नाही, आणि पश्चिम कॅन्सस-नेब्रास्कातली हजारो कुटुंबं आलेल्याच रुळांनी पूर्वेला परत गेली. १९०४ मध्ये नेब्रास्काच्या वायव्येकडच्या ३७ काउंट्यांसाठी सरकारनं होमस्टेडची मर्यादा ६४० एकर केली. पॉवेलनं चराईसाठी मागितलेल्याच्या बरोबर एक चतुर्थांश.